गाडीला एलएसडी बसवायचाय? आधी माप घ्या, मग नट सोडा

दिंडोरीकडच्या शिवरस्त्यावर पावसात काळ्या मातीत एक मागचं चाक रुतलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि शेजारचं, मुरुमावर टेकलेलं चाक ढिम्म हलत नाही. इंजिनात ताकद असते, टायरही नवे असतात, तरी गाडी जागेवरच. डिफरेन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. घसरणारं चाक जेवढा जोर झेलू शकतं तेवढाच कोरड्या चाकालाही मिळतो. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे एलएसडी, या सारखेपणाला आळा घालतो आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर वळवतो.

एलएसडी आत ठेवणं अवघड नाही. गाडी बिघडते ती क्राऊन-पिनियनची (डिफरेन्शियलला फिरवणारा मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) सेटिंग चुकल्याने. दोनशे किलोमीटरवर हूं-हूं आवाज, हजारावर बेअरिंग गेलेलं, आणि मग दोष पार्टला. म्हणून खाली सेटिंगवर सगळ्यात जास्त लिहिलं आहे. पावलं मागच्या अखंड ॲक्सलच्या, नट सोडून पुढून निघणाऱ्या डिफरेन्शियलच्या गाडीसाठी आहेत, म्हणजे मारुती जिप्सीसारख्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं शेवटी वेगळं सांगितलं आहे.

१. कुठल्या जातीचा घ्यायचा

प्लेटवाला: आत क्लच प्लेटांचा संच असतो. एक्सिलरेटर दिला की आतले उतार (रॅम्प) प्लेटा दाबतात आणि दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चाक पूर्ण हवेत गेलं तरी थोडी ओढ राहते, म्हणून खड्ड्या-चिखलासाठी हा बरा. प्लेटा झिजतात, तेल खास लागतं, सावकाश वळताना कटकट येऊ शकते. यात वन-वे, दीड-वे आणि टू-वे असे प्रकार येतात. वन-वे फक्त एक्सिलरेटरवर बांधतो, टू-वे एक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच बांधतो. दीड-वे मधला. रोजच्या गाडीला टू-वे घेऊ नका. कसारा घाटात ओल्या वळणावर पाय उचलला की तो गाडीचं नाक सरळ ढकलतो.

हेलिकल गिअरवाला: प्लेटा नाहीत, तिरप्या दातांचे छोटे गिअर आणि त्यांचं घर्षण. शांत, टिकाऊ, साध्या तेलावर चालतो. डांबरी रस्ता आणि घाटासाठी हाच. कमतरता एकच, पण मोठी: तो हाती असलेल्या पकडीचा गुणाकार करतो, आणि हवेतल्या चाकाची पकड शून्य असते. शून्याला कितीही गुणलं तरी शून्य. अशा वेळी ब्रेक हलका दाबून एक्सिलरेटर दिला तर काम होतं, पण ते सवयीने जमतं.

लॉकर: हा एलएसडी नव्हे. महिंद्राच्या थार, बोलेरो निओच्या काही आवृत्त्यांत कंपनीतूनच ईटनचा मेकॅनिकल लॉकर येतो. दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो खटकन पूर्ण बांधतो आणि वेग वाढला की बांधत नाही. तुमच्या गाडीत तो आधीच असेल तर हा लेख इथेच मिटवा आणि ते पैसे टायरवर घाला.

स्पायडर गिअरला (डिफरेन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरना) वेल्डिंग मारून देणारेही भेटतील. रस्त्यावरच्या गाडीत ते करू नये. प्रत्येक वळणावर टायर घासतो आणि एक दिवस शाफ्ट तुटतो.

२. पार्ट मागवण्याआधी हे मोजा

एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार ॲक्सल बदललेला असतो. जाहिरातीत गाडीचं नाव आहे एवढ्यावर ऑर्डर देऊ नका.

- ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनचे (टोकावरच्या लांब खाचांचे) दाते आणि व्यास. दोनदा मोजा, एकदा दुसऱ्याकडून मोजून घ्या.
- क्राऊनच्या बोल्टांची संख्या, बोल्टचा व्यास आणि क्राऊन ज्या खांद्यावर बसतो त्याचा व्यास.
- बाजूच्या बेअरिंगचा नंबर. तो बेअरिंगवर कोरलेला असतो.
- फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर: क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. काही ॲक्सलमध्ये गुणोत्तरानुसार केसची (ज्यावर क्राऊन बसतो त्या डिफरेन्शियलच्या कवचाची) उंची बदलते. चुकीची केस आली तर क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नाही.
- शाफ्ट आत कशाने अडतो: बाहेरच्या बेअरिंगच्या रिटेनरने की आतल्या सी-क्लिपने. काही जुन्या जीपच्या ॲक्सलमध्ये मधोमध थ्रस्ट ब्लॉक असतो. नव्या केसमध्ये त्याची सोय आहे का ते विक्रेत्याला आधी विचारा.

३. कागद

एलएसडीमुळे आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांवर आहे. तरी खालचं सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

- पार्टचं बिल, बाहेरून मागवला असेल तर कस्टम ड्युटीची पावती
- किटसोबतचं पत्रक: तेल, प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि टॉर्कचे (आवळायच्या जोराचे) आकडे त्यावरच असतात
- गॅरेजचं बिल, त्यावर बॅकलॅशचा (क्राऊन-पिनियनच्या दातांमधल्या मोकळ्या फटीचा) आकडा लिहून घेतलेला
- विमा कंपनीला बदल कळवल्याचं पत्र किंवा मेल

गाडी वॉरंटीत असेल तर ॲक्सलची वॉरंटी गेली असं धरून चाला. नाशिकच्या रॅलीत किंवा ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं असेल तर आधी एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट्स क्लबांचा महासंघ) त्या वर्षाच्या नियमावलीत आपला वर्ग पाहा. काही वर्गांत डिफरेन्शियल कंपनीचाच लागतो.

४. हत्यारं आणि सामान

घरच्या पेटीत सहसा नसणारी हत्यारं: मॅग्नेटिक स्टँडसकट ०.०१ मिमीचा डायल गेज, टॉर्क रेंच (१० ते १५० न्यूटन-मीटरचा पट्टा झाकणारे दोन), बेअरिंग पुलर, शाफ्ट ओढायला स्लाइड हॅमर, हायड्रॉलिक प्रेस, स्प्रिंग काटा, व्हर्निअर. शिवाय दोन भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही.

सामान: बाजूची दोन्ही नवी बेअरिंग (कप आणि कोन जोडीनेच), दोन ॲक्सल सील, पिनियन सील, क्राऊनचे नवे बोल्ट, जास्त ताकदीचं थ्रेड लॉक (बोल्ट ढिले होऊ न देणारा चिकटा), लिक्विड गास्केट, प्रशियन ब्लू (दातांवर खूण उमटवायचा निळा रंग), ब्रेक क्लीनर, ब्रेक ऑइल. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलला साधारण दीड लिटर तेल लागतं. पहिलं तेल लवकर बदलायचं आहे, म्हणून दोन भरण्यांचं एकदमच घ्या.

प्रेस आणि शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) ग्राइंडिंगसाठी नाशिककराला लांब जावं लागत नाही. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मिलिमीटरचा शंभरावा भाग रोज मोजणारी मशीन शॉप आहेत. घाई असेल तर त्यांच्याकडे शनिवारी जाऊ नका, तिथे साप्ताहिक सुट्टी बहुधा शनिवारीच असते. गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा: डायल गेज आहे का? ‘हाताला कळतं, अंदाजाने बसतं’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

५. उघडण्याआधीची मापं

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि नंतर परत जाता येत नाही.

जुने क्राऊन-पिनियन हजारो किलोमीटर एकमेकांवर घासून एकमेकांचे झालेले असतात. त्यांना मॅन्युअलमधल्या नव्या आकड्यावर बसवण्यापेक्षा ज्या बॅकलॅशवर ते शांत चालत होते त्यावरच परत बसवायचं असतं. म्हणून डिफरेन्शियल बाहेर काढल्यावर (कसा ते पुढच्या भागात), पण केस सोडण्याआधी:

- पिनियन घट्ट धरून क्राऊनच्या दातावर डायल टेकवा आणि बॅकलॅश चार जागी मोजा. चारही आकडे वहीत लिहा.
- दातांना ब्लू लावून खूण उमटवा आणि मोबाइलवर फोटो काढा, दाताच्या दोन्ही बाजूंचा.
- पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने सावकाश ओढा. फिरता ठेवायला किती किलो लागतात ते लिहा.
- बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करा: डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. कॅप हाउसिंगसोबतच बोअर केलेले असतात. अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडं बसतं.

मूळ गाडीच आवाज करत असेल तर जुने दाते नव्या केसवर बसवून आवाज जाणार नाही. तेव्हा क्राऊन-पिनियन जोडीने बदलावी लागते, पिनियनची खोली शिमने नव्याने ठरवावी लागते आणि काम दुप्पट होतं.

६. उतरवणं

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. गाडी घोड्यांवर, घोड्या चेसिसखाली. भरायचा बोल्ट आधी सोडून पाहा, मगच खालचा ड्रेन उघडा. भरायचा बोल्ट सुटतच नाही हे तेल काढून झाल्यावर कळणं ही जुनी गंमत आहे.

निघालेल्या तेलात बोट फिरवा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर ठीक. टोकदार तुकडा सापडला तर दात किंवा बेअरिंग गेलेलं आहे. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. गोदेच्या पात्रात नाहीतर शेतातल्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांनी ॲक्सलचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) उघडा आहे का ते आत्ताच पाहावं. तो चिखलाने बुजला की गरम ॲक्सल पाण्यात थंड होताना सीलमधून पाणी ओढतो.

चाकं, ड्रम, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप आणि बॅकप्लेटचे नट, या क्रमाने. पाइपाच्या तोंडाला लगेच टोपी लावा. शाफ्ट स्लाइड हॅमरने सरळ ओढा. तिरका ओढला तर सील फाटतं, म्हणूनच सील नवं घेतलं आहे. प्रोपेलर शाफ्टच्या (पुढून ॲक्सलपर्यंत ताकद आणणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही फ्लँजवर जुळणारी खूण करून बोल्ट काढा. मग डिफरेन्शियलचे नट. शेवटचे दोन नट आट्यांवर ठेवून रबरी हातोड्याने ठोका, म्हणजे सांधा सुटला तरी जड ऐवज छातीवर पडणार नाही.

७. क्राऊन नव्या केसवर

नवी केस आणि जुनी केस टेबलावर शेजारी ठेवा. बेअरिंग बसते त्या खांद्यापासून क्राऊनच्या बैठकीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा. फरक असेल तर तो शिमने किंवा ॲडजस्टर नटने भरून काढायचा आहे हे आधीच कळतं.

बैठकीवर खपली, धातूची खरबरीत कड (बर्र), जुन्या थ्रेड लॉकचा कण काहीही नको. तेलदगडाने साफ करा. क्राऊन घट्ट बसतो. तो तेलात सुमारे १०० अंशांपर्यंत गरम करून अलगद सोडा. हातोडा नाही, गॅसची ज्योत तर अजिबात नाही, दाताचं पाणी उतरतं, म्हणजे कठीणपणा जातो. बोल्टने ओढून बसवण्याचा मोहही टाळा, एका बाजूने आधी बसून क्राऊन तिरका होतो. गार झाल्यावर तेल पुसून बोल्टांना थ्रेड लॉक लावा आणि समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा. जिप्सीच्या क्राऊन बोल्टना साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर लागतो. दुसरी गाडी असेल तर तिचं मॅन्युअल. काही परदेशी ॲक्सलमध्ये या बोल्टांचे आटे उलटे असतात. सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी बोल्टचं डोकं नीट पाहा.

बेअरिंग प्रेसने बसवताना जोर आतल्या रिंगवरच. रोलरच्या जाळीवर दाब पडला तर नवं बेअरिंग तिथेच संपलं.

प्लेटवाला एलएसडी असेल तर प्लेटा एलएसडीच्या तेलात रात्रभर भिजू द्या. कोरड्या प्लेटा पहिल्या दहा मिनिटांत भाजतात.

८. बॅकलॅश, प्रीलोड, खूण

इथे वेळ लागतो. दुपारभर लागली तरी घाई नको.

केस हाउसिंगमध्ये ठेवा, कॅप खुणेप्रमाणे लावा आणि बोल्ट हलके आवळा. दोन्ही ॲडजस्टर नट हाताने आत घ्या. आट्यात तिरके गेले तर हाउसिंग बाद, म्हणून पहिले दोन फेरे बोटांनीच. क्राऊनच्या पाठीमागचा नट आत घेतला की क्राऊन पिनियनकडे सरकतो आणि बॅकलॅश कमी होतो. समोरचा आत घेतला की उलट. एक जितक्या खाचा आत तितक्याच दुसरा बाहेर, म्हणजे बेअरिंगवरचा प्रीलोड तसाच राहतो आणि फक्त क्राऊन सरकतो. हे एक वाक्य पाठ झालं की अर्धी सेटिंग जमली.

आता आकडे. बहुतेक लहान गाड्यांत बॅकलॅश ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतो. जुनेच दाते असतील तर वहीतला आकडा धरा. चार जागी मोजा. चारांतला फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त आला तर क्राऊन डगमगतोय. त्याच्या पाठीला डायल लावून फिरवा. डगमग निघाली तर नटांशी खेळू नका, क्राऊन उतरवा. बैठकीवर कण राहिलेला असतो, दहातल्या नऊ वेळा तोच.

कॅप पूर्ण टॉर्कला आवळल्यावर परत मोजा. आवळण्याने आकडा हलतो, नेहमीच.

मग ब्लू. सात-आठ दातांना पातळ थर लावा, क्राऊनला लाकडाने हलका अडथळा द्या आणि पिनियन दोन्हीकडे फिरवा. खूण दाताच्या मध्यावर, आतल्या बारीक टोकाकडे किंचित झुकलेली हवी, आणि उघडण्याआधी काढलेल्या फोटोशी जुळायला हवी.

- खूण आतल्या टोकाला जाऊन बसली: बॅकलॅश कमी आहे, क्राऊन बाहेर सरकवा.
- खूण बाहेरच्या जाड टोकाला: बॅकलॅश जास्त, क्राऊन आत.
- खूण दाताच्या माथ्यावर: पिनियन उथळ बसला आहे.
- खूण दाताच्या मुळाशी: पिनियन जास्त खोल.

शेवटची दोन चिन्हं दिसली आणि तुम्ही पिनियनला हात लावलेला नसेल, तर संशय केसच्या मापावर घ्या. पिनियन आपणहून हलत नाही.

शेवटी दोरी-काट्याची चाचणी परत करा. आधीच्यापेक्षा किंचित जड फिरणं ठीक, कारण आता बाजूची बेअरिंग नवी आहेत. हाताने फिरवताना अडत असेल तर प्रीलोड जास्त आहे. लॉक प्लेट लावूनच डिफरेन्शियल टेबलावरून उचला.

९. परत चढवणं आणि तेल

सांध्याच्या दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसून लिक्विड गास्केटची एकच अखंड सुतळी, नटांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड थर दिला तर जादाचा रबर आत पडून तेलात फिरत राहतो. शाफ्ट सरकवताना खालून आधार द्या, स्प्लाइन सीलच्या ओठावरून घासू देऊ नका. ब्रेकचा पाइप उघडला होता, म्हणून ब्लीडिंग (पाइपातली हवा काढणं) अनिवार्य.

तेल जीएल-५ (गिअर तेलाची एक प्रत), किटच्या पत्रकावरच्या ग्रेडचं, सहसा ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. प्लेटवाल्याला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, पण तेलाच्या डब्यावर ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलेलं असेल तर तो आधीच मिसळलेला असतो. वरून आणखी ओतला तर प्लेटा घसरू लागतात आणि एलएसडी साध्यासारखा वागतो. हेलिकलला मॉडिफायर घालण्याची गरज नाही. गाडी सपाट असताना भरायच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा, दहा मिनिटं थांबा, परत पाहा.

१०. तपासणी आणि रुळवणं

दोन्ही मागची चाकं हवेत, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एक चाक हाताने फिरवा. प्लेटवाल्यात दुसरं चाक उलटं फिरायला अडून बसतं. हेलिकलमध्ये मात्र ते साध्या डिफरेन्शियलसारखं सहज उलटं फिरतं. त्यावरून पार्ट नकली ठरवून विक्रेत्याशी भांडू नका.

प्लेटवाल्याचा सुरुवातीचा आकडाही लिहून ठेवा. एक चाक जमिनीवर, दुसरं हवेत, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढची चाकं अडवलेली, हँडब्रेक सोडलेला. हवेतल्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच लावून ते किती न्यूटन-मीटरला सुटतं ते पाहा. दोन वर्षांनी हाच आकडा निम्मा झाला की प्लेटा गेल्या.

एक धोका गाडीभर चिकटवून ठेवावा असा आहे: एलएसडीची गाडी एकच मागचं चाक उचलून इंजिनावर गिअरमध्ये चालवू नका. जमिनीवरचं चाक ओढ घेतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. टायरवाल्याला, गॅरेजवाल्याला, रोलरवर ब्रेक तपासणाऱ्यालाही हे आधी सांगा.

प्लेटवाला रुळवायला रिकामं मैदान शोधा, सार्वजनिक रस्ता नको. पहिल्या गिअरमध्ये, हलक्या एक्सिलरेटरवर, इंग्रजी आठच्या आकड्यात वीस-पंचवीस फेऱ्या. मधे गार होऊ द्या, मेमध्ये तर नक्कीच. पहिले पाचशे किलोमीटर जोर नाही, ट्रॉली नाही. मग तेल बदला. ते काळं निघालं तर घाबरू नका, प्लेटांची पहिली झीज आहे.

११. आवाज काय सांगतो

एक्सिलरेटर दिल्यावरच हूं-हूं: खूण चुकलेली आहे. सोडल्यावरच हूं-हूं: दाताच्या दुसऱ्या बाजूची खूण किंवा पिनियनचं बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क: बॅकलॅश जास्त, पण आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा, तो स्वस्त आहे. पार्किंगमध्ये वळताना कटकट: मॉडिफायर कमी. वीस किलोमीटरनंतर हाउसिंगवरचा पाण्याचा थेंब चरचरला तर गाडी उभी करा, प्रीलोड जास्त आहे.

पुढच्या चाकांच्या गाडीचं

इथे डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतो. गिअरबॉक्स पूर्ण उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच खेपेला बदला. तेल गिअर आणि डिफरेन्शियलला एकच, आणि तिथे जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ ओतू नका, पितळी सिंक्रोनायझर खराब होऊ शकतात. याच कारणाने तिथे हेलिकलच घ्यावा. स्टिअरिंग एक्सिलरेटरवर हाताला ओढ देईल. ओल्या घाटात पहिले काही दिवस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

आणि टायर. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल तर एलएसडीला सरळ रस्त्यावरही सतत वळण असल्यासारखं वाटतं आणि तो मुंबई-आग्रा महामार्गावर तासभर उगाच तापत राहतो. एलएसडी मागे असेल, मागचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती पुढे लावा, पुढचं चाक मागे घ्या.